लीड्सहून पर्थला बिऱ्हाड हलवायचंय : खर्चाचा खरा हिशेब कोणी मांडून देईल का?

आबोली

नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

आम्ही लीड्सला राहतो. नवरा इथलाच, यॉर्कशरचा, इलेक्ट्रिशियन आहे. मी फिजिओथेरपिस्ट. मुली दोन, थोरली १४ वर्षांची आणि धाकटी ४. नवऱ्याला पर्थच्या एका कंपनीकडून वर्षाला १,१०,००० डॉलरची नोकरी सांगून आली आहे. व्हिसा कंपनीच काढणार. गेल्या महिनाभरात घरात दुसरा विषय नाही.

दूध, पाव, पेट्रोल यांचे दर सगळीकडे सापडतात, ते मी वहीत उतरवून काढलेत. तरी मन म्हणतं की हा हिशेब अर्धाच आहे. ब्रिटनमधून मुलंबाळं घेऊन ऑस्ट्रेलिया, कॅनडा, दुबई कुठेही गेलेल्यांनी सांगा : गेल्यावर कुठला खर्च असा निघाला की जो वहीत नव्हताच?

अजून एक. माझे सासरे १९६४ साली, आठ वर्षांचे असताना, आईवडिलांबरोबर बोटीने पर्थजवळच्या फ्रीमँटलला गेले होते. तेव्हा सरकार मोठ्यांकडून फक्त १० पौंड घेऊन पाठवायचं, मुलं फुकट. तीन वर्षांत सगळे परत आले. ते या विषयावर काहीच बोलत नाहीत, नुसते ऐकत बसतात. त्यामुळे मला जास्तच धाकधूक आहे.

पर्थवासी

आबोलीताई, स्वागत! आम्ही कॉव्हेंट्रीहून २०१९ ला आलो. शहराच्या उत्तरेला राहतो. जूनडलपच्या बाजूला निम्मी गल्ली इंग्लिश आहे, तुमच्या यजमानांना परकं वाटणार नाही.

आधी पगाराचं बघू. २०२५-२६ च्या दराने १,१०,००० वर कर साधारण २३,८०० आणि शिवाय पगाराच्या २ टक्के मेडिकेअरचा, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा, अधिभार. हातात वर्षाला ८४,००० म्हणजे महिन्याला सात हजार. पण कंपनीला आजच विचारा : हा आकडा 'सुपर' धरून की सोडून? मालकाने निवृत्तिनिधीत १२ टक्के भरायचेच असतात. ते आत धरलेले असतील तर मूळ पगार ९८,००० वर येतो. मुलाखतीत हे कोणी आपणहून सांगत नाही.

घरभाडं इथे आठवड्याचं सांगतात. आम्ही तीन खोल्यांच्या घराला ७२० देतो. त्याला चारने गुणून मोकळे होऊ नका, वर्षाचे ५२ आठवडे धरा. महिन्याला ३,१२० पडतात. आत शिरताना चार आठवड्यांचं भाडं अनामत आणि वर दोन आठवडे आगाऊ. त्यात इथे तुमचा भाड्याचा काही इतिहास नसतो. चांगली घरं आमच्या हातून तशीच गेली. सहा आठवडे आम्ही सुट्टीवाल्यांच्या फ्लॅटमध्ये काढले आणि सगळ्यात जास्त पैसा तिथेच गेला.

बरं काय ते पण सांगतो. भाडेकरूला ब्रिटनसारखा काउन्सिल टॅक्स (नगरपालिकेचा घरावरचा कर) नाही, तो भार घरमालकावर. पाणी वापराल तेवढ्याचे पैसे तेवढे द्यायचे. ताज्या भाज्या-फळांवर कर नाही. शाळकरी मुलांना ट्रेन-बस फुकट, रविवारी तर सगळ्यांनाच.

कॅल्गरीचा काका

आम्ही स्विंडनहून कॅल्गरीला आलो त्याला आता अकरा वर्षं होतील. न धरलेले खर्च म्हणाल तर गाडीचा विमा आणि मोबाईलचं बिल. ब्रिटनमध्ये स्वस्तात फोन वापरायची सवय, इथलं पहिलं बिल बघून बायकोने दोनदा चष्मा पुसला. गाडीला हिवाळ्याचे टायर वेगळे, इंजिन गरम ठेवायला रात्री तारेने विजेला जोडायची. पोरांचे बर्फाचे बूट दर वर्षी नवे, कारण पाय वाढतात. ब्रिटनमध्ये लहान मुलांच्या कपड्यांवर व्हॅट नसतो हे तिथे असताना कधी लक्षातही आलं नव्हतं.

पाळणाघर मात्र सुधारलंय. एप्रिल २०२५ पासून अल्बर्टात पूर्ण वेळेचे महिन्याला ३२६ डॉलर. आमच्या वेळी याच्या कितीतरी पट गेले, पण नव्या लोकांचं भलं झालं याचा आनंद आहे.

खिचडी

पर्थला हापूस मिळतो का, हा मुख्य खर्च कोणी धरलाच नाही.

पर्थवासी

@खिचडी, इथले आंबे नाताळच्या आसपास येतात. पेटी घेऊन समुद्रावर जायचं. हापूसची सर नाही, पण डिसेंबरात आमरस-पुरी खाताना फार वाईटही वाटत नाही.

काळा गूळ

मी थोडी वेगळी बाजू मांडतो. असे हिशेब मांडत बसलं तर माणूस घराबाहेर पडणारच नाही. आम्ही मिल्टन कीन्सहून न्यूझीलंडला आलो. किराणा महाग आहे, त्यावर १५ टक्के कर आहे, चीज तर जपून खावं लागतं. आमचं पहिलं घर इतकं थंड की अंथरूण सकाळी ओलसर लागायचं. आता भाड्याच्या घरात बैठकीची खोली १८ अंशांपर्यंत तापेल अशी सोय मालकाने करायची असा कायदाच आहे, तेव्हा नव्हता. शिल्लक म्हणाल तर ब्रिटनपेक्षा कमी पडते, खरं सांगतो.

पण मी साडेपाचला घरी असतो. मुलगा शाळेतून अनवाणी येतो, समुद्रावर जातो. ब्रिटनमध्ये तो मला शनिवार-रविवारीच भेटायचा. याची किंमत वहीच्या कुठल्या रकान्यात लिहिणार?

परतलेलं पाखरू

@काळा गूळ, तुमचं चांगलं झालं, मनापासून आनंद वाटला. पण 'हिशेब मांडू नका' याला माझा ठाम विरोध. आम्ही मांडला नाही आणि चार वर्षांत सगळं पणाला लागलं. लांबलचक होईल, पण लिहिते, कारण आबोलीची परिस्थिती अगदी आमच्यासारखीच आहे.

आम्हीसुद्धा कंपनीच्या तात्पुरत्या व्हिसावर पर्थला गेलो होतो. पगाराचा आकडा तोच, पण तात्पुरत्या व्हिसावर संसार वेगळा असतो. सरकारी शाळेला कुटुंबामागे वर्षाला ४,००० डॉलर फी भरली. धाकट्याच्या पाळणाघराला सरकारी सवलत नाही. ती कायम रहिवाशांना मिळते, आम्ही पूर्ण पैसे भरले. नवऱ्याची नोकरी गेली तर देशात राहण्याचा हक्कच जातो, म्हणून तो ताप असतानाही कामावर जायचा.

थोरला तिथे बारावी झाला. वय १७. तोवर आम्हाला कायम वास्तव्य मिळालं होतं, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. तिथे पहिलीच ठेच लागली. कायम रहिवाशाच्या मुलाला विद्यापीठात देशी दराची जागा मिळते, पण फीसाठीचं सरकारी कर्ज साधारणपणे नागरिकालाच. म्हणजे प्रत्येक सत्राची फी आधी रोख. अभियांत्रिकीला २०२५ चा दर वर्षाला ९,३१४ डॉलर, कायदा किंवा वाणिज्य घेतलं तर १६,९९२.

मग म्हटलं, ब्रिटिश पासपोर्ट आहे, पाठवू परत इंग्लंडला. तिथे कळलं की देशी फीसाठी पासपोर्ट पुरत नाही. अभ्यासक्रमाच्या आधीची तीन वर्षं मूल सर्वसाधारणपणे ब्रिटनमध्ये राहत असलं पाहिजे. देशी विद्यार्थ्याला २०२५-२६ च्या दराने वर्षाला ९,५३५ पौंड आणि त्यासाठी कर्जाची सोय. परदेशी ठरला तर फी दुप्पट-तिप्पट, कर्ज नाही. माझा मुलगा ब्रिटनमध्ये जन्मला, तिथेच वाढला, आणि दोन्ही देशांच्या विद्यापीठांत आमच्याच दारी पाहुणा झाला.

त्याने दोन वर्षं एका गोदामात काम केलं. आम्ही परत आलो. आता शिकतोय, पण त्याचे सगळे मित्र पदवीधर झालेत. हा खर्च मी कुठल्या चलनात सांगू?

उंबरठा

पाखरूताई, वाचून गलबलून आलं. वाचनखूण साठवली.

आबोली

पाखरूताई, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. थोरली आत्ता १४ची. म्हणजे बारावीला साडेसतरा. मी तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला, इंग्रजीत समजावता समजावता माझाच आवाज गेला. नागरिकत्व किती वर्षांनी मिळतं?

पर्थवासी

ऑस्ट्रेलियात वैध व्हिसावर चार वर्षं, त्यातलं शेवटचं एक वर्ष कायम रहिवासी म्हणून. मग अर्ज, परीक्षा, शपथविधी, त्यात आणखी काही महिने जातात. म्हणजे थोरलीची निदान पहिली एक-दोन वर्षं रोख फीची धरा. पाखरूताईंनी लिहिलं ते खरं आहे. मी एवढंच म्हणेन की दारं बंद होत नाहीत, फक्त तेवढे पैसे आजपासून बाजूला पाहिजेत.

धाकटीचं सोपं आहे. पर्थला चार वर्षांच्या मुलांना सरकारी शाळेत आठवड्याला १५ तास किंडी (बालवर्ग) असते.

हिशेबनीस

मी लंडनमध्ये लेखापालाचं काम करतो. आबोली, एक थेट प्रश्न विचारतो, राग मानू नका. तुमचा स्वतःचा पासपोर्ट कुठला?

आबोली

भारतीय. ब्रिटनचं कायम वास्तव्य आहे, बारा वर्षं झाली. आईबाबा साताऱ्याला असतात, त्यांच्यासाठी भारतीय पासपोर्ट सोडवला नाही.

हिशेबनीस

मग आधी हे वाचा, बाकी सगळं नंतर. ब्रिटनचं कायम वास्तव्य सलग दोन वर्षांहून जास्त बाहेर राहिलात की संपतं. नवरा ब्रिटिश, मुली ब्रिटिश, तरी संपतं. उद्या सासऱ्यांना बघायला कायमचं परत यायचं झालं तर तिघं विमानतळावरून सरळ घरी जातील आणि तुम्हाला बायको म्हणून नव्याने व्हिसा काढावा लागेल. त्याला २०२५ च्या दराने १,९३८ पौंड, आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ प्रमाणे पुढे वेगळा, आणि वर्षाला २९,००० पौंड उत्पन्नाची अट.

त्यापेक्षा निघण्याआधी ब्रिटिश नागरिकत्व घ्या. अर्ज आणि शपथविधी मिळून २०२५ च्या दराने १,७३५ पौंड. भारतीय पासपोर्ट परत करून ओसीआय कार्ड काढा, साताऱ्याला जाणं-येणं सुरू राहील. मन तयार व्हायला वेळ लागतो हे मला माहीत आहे. मी पासपोर्ट परत केला तेव्हा त्याला छिद्र पाडून हातात दिला होता. तो अजून कपाटात आहे.

सुपारी

आमच्याकडे वहिनीचं असंच झालं. वडील गेले आणि ती दोन वर्षं चार महिने बाहेर होती. हिशेबनीसांचं ऐका.

दुबईत दहा वर्षं

थोडं अवांतर, पण ब्रिटनमधून दुबईला येणारेही खूप आहेत म्हणून लिहिते. 'कर नाही' ऐकून लोक येतात. आयकर नाही हे खरं. पण भाडं वर्षाचं, पुढच्या तारखांचे चेक आधीच लिहून द्यायचे. जितके कमी चेक तितकं घर स्वस्त. शिवाय विजेच्या बिलात वर्षभाड्याच्या ५ टक्के गृहशुल्क. आणि मुलांच्या शाळा. ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळेत दोन मुलं असतील तर कराची बचत तिथेच जाते. पूर्वी कंपन्या फी द्यायच्या, आता बऱ्याच जणी देत नाहीत. एकटा माणूस इथे पैसा जमवतो, दोन शाळकरी मुलांचं कुटुंब जेमतेम जमवतं. आम्ही जमवला, कारण मुलं भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेत घातली. इंग्लिश शेजारणीला हा पर्याय नव्हता.

काळा गूळ

पाखरूताई, काल घाईत लिहिलं. आमचा मुलगा आला तेव्हा सात वर्षांचा होता, म्हणून हे कुठलं संकट आलंच नाही. सतराव्या वर्षाच्या मुलाला घेऊन आलो असतो तर मीही वेगळं लिहिलं असतं. माझे शब्द मागे घेतो.

परतलेलं पाखरू

अहो दादा, मागे घेण्यासारखं काही नाही. तुमचा मुलगा अनवाणी येतो हे वाचून मलाही बरं वाटलं. मुलं लहान असतील तर मी आजही 'जा' म्हणेन.

नाखवा

कंटेनरबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून माझी भर. आम्ही बोर्नमथहून ब्रिस्बेनला सामान पाठवलं, दारात यायला अकरा आठवडे लागले. ऑस्ट्रेलियात माती आणि कीड यांची तपासणी कडक. सायकली, बागेची अवजारं, फुटबॉलचे बूट हे टूथब्रशने घासून पाठवले.

पण अडकलं ते देवघर. आजोबांनी करून घेतलेलं सागवानी, कळस असलेलं. तपासणीवाल्याने मागची फळी उलटी केली, टॉर्च मारला आणि टाचणीच्या टोकाएवढ्या दोन भोकांवर बोट ठेवलं. खाली कागदावर चिमूटभर पिवळट भुकटी पडली होती. म्हणाला, कीड जिवंत असू शकते, धुरी तरी द्यायची किंवा नष्ट करायचं. धुरी दिली, त्याचे पैसे आम्ही भरले. देवघर वाचलं, पण तोवर महिनाभर देव चपातीच्या डब्यात होते. तुमच्या घरी लाकडाचं काही जुनं असेल तर आधीच तपासून घ्या. विमानात पेढे, बिया, सुकं खोबरं नेणार असाल तर उतरताना भरायच्या कार्डावर लिहाच. लिहिलं तर फार तर टाकून देतात, लपवलं तर दंड.

दुसरं : रुग्णवाहिका. मेडिकेअर तिचे पैसे देत नाही. आमच्या क्वीन्सलंडमध्ये आणि टास्मानियात रहिवाशांना फुकट, पण पर्थला एका खेपेचं बिल हजार डॉलरच्या वर जातं. त्याचा वेगळा विमा स्वस्त असतो, पहिल्याच आठवड्यात काढा. ब्रिटनच्या एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेत वाढलेल्या माणसाला हे सुचतच नाही. दातांचंही तसंच, सगळं खिशातून.

कॅल्गरीचा काका

देव चपातीच्या डब्यात! वासाने तरी तृप्त झाले असतील.

आबोली

नाखवादादा, आमच्याकडेही आजीचं देवघर आहे. काल मोबाईलचा उजेड लावून सगळ्या फळ्या बघितल्या. भोकं नाहीत, पण धडधड झाली.

काल रात्री अजून एक झालं. सासरे जेवायला आले होते. मी वही उघडून बसले होते, ते शेजारी येऊन बसले आणि पहिल्यांदाच बोलले. १९६४ ला त्यांना पत्र्याच्या अर्धगोल झोपड्यांच्या वसाहतीत ठेवलं होतं. उन्हाळ्यात पत्रा इतका तापायचा की आई दिवसभर ओलं फडकं डोक्यावर ठेवायची. जेवण सगळ्यांचं एकत्र, तिला स्वतःच्या चुलीवर काही करता यायचं नाही. दोन वर्षांच्या आत परतलं तर जाण्याचं पूर्ण भाडं सरकारला परत करावं लागे, म्हणून तिने दोन वर्षं मोजून काढली. मग परतीच्या भाड्यासाठी आणखी एक वर्ष साठवत राहिले. म्हणाले, "आम्हाला जायला दहा पौंड लागले. यायला तीन वर्षं लागली."

मी विचारलं, आम्ही गेलो तर तुम्ही याल का? हसले फक्त.

हिशेबनीस

आबोली, ते येण्याचा विचार करत असतील तर दोन गोष्टी सांगून ठेवतो. एक, आईवडिलांचा पैसे भरून मिळणारा व्हिसा माणशी ४८,००० डॉलरच्या आसपास आहे आणि तरी रांग दहा वर्षांच्या वर. शिवाय निम्मी मुलं तरी ऑस्ट्रेलियात हवीत. तुमचे यजमान एकुलते का?

दोन, ब्रिटनचं सरकारी पेन्शन. माणूस स्पेन किंवा अमेरिकेत गेला तर ते दर वर्षी वाढतं. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंडमध्ये गेला तर ज्या आकड्यावर गेला तिथेच गोठतं. ऑस्ट्रेलियाने याच कारणावरून २००१ मध्ये ब्रिटनबरोबरचा सामाजिक सुरक्षेचा करार मोडला, तरी धोरण तसंच आहे. नव्या पद्धतीचं पूर्ण पेन्शन २०२५-२६ ला आठवड्याला २३०.२५ पौंड. वीस वर्षांनी महागाई कुठे असेल आणि हे तिथेच. चार लाखांहून जास्त म्हाताऱ्या माणसांचं असं झालंय. आयुष्यभर सारखाच हप्ता भरलेला, फक्त मुलाच्या मागे गेले म्हणून ही शिक्षा. मला हे फार अन्यायाचं वाटतं.

आणि हे तुम्हा दोघांनाही पुढे लागू होईल, चाळिशीत आहात म्हणून सोडून देऊ नका.

सुपारी

एकूण मला असं दिसतंय की दुधाचा भाव विचारून उपयोग नाही, आधी घरातल्या प्रत्येकाचं वय आणि पासपोर्ट लिहायचा. खर्च त्यावर ठरतो.

उंबरठा

सुपारी, अगदी अगदी. +१

परतलेलं पाखरू

अजून एक ओळ लिहा त्या वहीत : परत येण्याचा खर्च. चार तिकिटं, कंटेनर, सहा महिन्यांचं भाडं. तो वेगळ्या खात्यात ठेवा आणि विसरून जा. तो असला की तिथे वाईट दिवसही निभतात. आमच्याकडे नव्हता, म्हणून शेवटचं वर्ष आम्ही राहत नव्हतो, अडकलो होतो.

आबोली

दहा दिवसांनी लिहितेय, माफ करा. तुमच्या सगळ्यांचे प्रतिसाद छापून फ्रिजवर लावलेत.

कंपनीला विचारलं. सुपर आत धरलेलं होतं. शिवाय पूर्ण परवाना मिळेपर्यंत नवऱ्याला दुसऱ्याच्या देखरेखीखाली काम, पगार त्याहून कमी. तात्पुरत्या व्हिसाला आम्ही नाही म्हणालो. स्वतःच कायम वास्तव्याचा अर्ज करतोय, वेळ जाईल, जाऊ दे. मिळालं तर पुढच्या जुलैत निघू.

मी नागरिकत्वाचा अर्ज भरला. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "पर्थहून सातारा अडीच तास मागं ना? मग रात्री जेवणं झाल्यावर बोलता येईल. लीड्सहून तू फोन करतेस तेव्हा मला झोप आलेली असते." पासपोर्टाबद्दल एक शब्द नाही.

थोरलीला समोर बसवून सगळं सांगितलं. तिला तिकडे पुढे जीवशास्त्र करायचंय. आम्ही वर्षाला ९,३१४ प्रमाणे दोन वर्षांचे १८,६२८ डॉलर वेगळे काढायचे ठरवले, दर वाढतो म्हणून २०,००० धरलेत. परतीचं खातंही उघडलं. दोन्ही मिळून आमचं घर विकून येणाऱ्या पैशातला मोठा लचका जातो, पण आता झोप लागते.

देवघर नेत नाही. सासरे म्हणाले, माझ्याकडे ठेव. त्यांनी बैठकीच्या खिडकीशी जागा मोजून ठेवलीय.

पर्थवासी

जुलैत येणार म्हणजे ऐन थंडीत. इथे घरात हीटिंग नसतं, लीड्सपेक्षा इथल्या बैठकीच्या खोलीत जास्त गारठाल. स्वेटर कंटेनरमध्ये टाकू नका, हातातल्या बॅगेत ठेवा. विमानतळावर मी येतो. पहिल्या आठवड्याची भाजी-पोळी आमच्याकडून.